पुठ्ठ्यावरचे अठ्ठेचाळीस आकडे

नागपूरला आमच्या घरी लिंबू सरबताला लागायचं आणि मिरची ठेच्याला. दारावर टांगायला नाही. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि कोणी भूत-बित म्हणालं की शांतपणे विचारायचे, "बरं, तू पाहिलंस का? स्वतः?" त्यामुळे इथे ग्रुपवर लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी आजवर चहासोबत हसत हसत वाचत आले. एक-दोघांना तर खाली कॉमेंटमध्ये चांगलं टोचलंही आहे. त्यांची आज माफी मागते.

आणखी एक सांगून ठेवते. मी घाबरून लिहीत नाहीये, चिडून लिहितेय. या गोष्टीला वर्ष होत आलं तरी चीड गेलेली नाही... एका जिवंत माणसावरची, एका गेलेल्या माणसावरची, आणि तिसरी कोणावरची ते शेवटी कळेलच.

मी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहते. घरापासून ऑफिस वीस मिनिटांच्या ड्राइव्हवर. दुमजली काचेची बिल्डिंग, समोर तळं, आणि तळ्यातली बदकं पार्किंगमध्ये घाण करून ठेवतात. आमची कंपनी डायलिसिसची क्लिनिक्स चालवते. एकोणीस क्लिनिक्स, बहुतेक सगळी छोट्या गावांत, काही पार डोंगरात. तिथले सगळे कॉम्प्युटर आम्ही कॅरीत बसून सांभाळतो. मी त्यांना कधी हात लावलेला नाही. इथून अपडेट पाठवते, इथून बंद-चालू करते. पण कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, म्हणजे बटण दाबलं आणि विंडोज उघडायच्या आधीच निळा पडदा टाकून बसला, तर माझा हात तिथे पोचत नाही. मग तिथल्या एखाद्या नर्सला फोनवर धरायचं आणि तिच्या हातांनी काम करायचं.

हे काम मला अरुणकाकांनी शिकवलं. काका आमच्या ऑफिसात वीस वर्षं होते, मूळ पुण्याचे, साठीच्या पुढचे. बाकीच्यांचे ते 'अरुण', माझे पहिल्या दिवसापासून काका. नर्स फोनवर रडकुंडीला आलेली असायची, "सगळं गेलं, व्हायरस आला", आणि काका आपल्या पुणेरी इंग्लिशमध्ये म्हणायचे, "आधी काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते नंतर." इतकं हळू, इतकं ठाम की समोरची बाई आपोआप स्क्रीन वाचायला लागायची. मलाही तेच. मी काही तर्क लढवायला लागले की, "वैशाली, दिसतंय काय ते बोल. वाटतंय काय ते नंतर." तीनशे वेळा ऐकलं असेल मी हे वाक्य. कधीकधी डोकं उठायचं माझं.

त्यांची दुसरी एक सवय होती, आणि सगळी गोष्ट त्या सवयीवर आहे. दुपारी डबा उघडला की जेवायच्या आधी ते भाताची चार शितं झाकणाच्या कडेला काढून ठेवायचे. चित्राहुती. मी एकदा विचारलं, "काका, इथे अमेरिकेत ब्रेकरूममध्ये कोणत्या देवाला हो?" तर म्हणाले, "देवाला नाही गं. पानातलं सगळं एकदम गिळू नये, याची आठवण म्हणून." कामातही तेच. अपडेट कितीही साधं असो, प्रत्येक क्लिनिकमधला एक कॉम्प्युटर ते बाजूला काढायचे. आमच्या दोन मुख्य सर्व्हरपैकीही एक बाजूला. आठवडाभर सगळं नीट चाललं की मग त्यांना अपडेट. त्या मशीन्सना आम्ही दोघं चित्राहुतीच म्हणायचो. आणि सर्व्हरच्या किल्लीचा कागद छापून पाकिटात, पाकीट ड्रॉवरमध्ये. किल्ली बदलली की नवा कागद. हा त्यांचा नियम.

किल्ली म्हणजे काय ते सांगते. आमच्या प्रत्येक कॉम्प्युटरची डिस्क कुलूपबंद असते, चोरीला गेला तरी पेशंटची माहिती कोणाला दिसू नये म्हणून. कॉम्प्युटर नीट सुरू झाला नाही की तो रिकव्हरी की मागतो, अठ्ठेचाळीस आकडी. सगळ्यांच्या किल्ल्या सर्व्हरमध्ये साठवलेल्या. आणि सर्व्हरची स्वतःची किल्ली? ती त्या पाकिटात.

मग आला क्रेग. आमचा नवा मॅनेजर. याला भिंतीवरच्या स्क्रीनवर सगळं हिरवं पाहिजे. शंभर टक्के मशीन्स अपडेट, शंभर टक्के हिरवी. काकांच्या चित्राहुत्या त्याला लाल दिसायच्या, एकोणीस क्लिनिकांचे एकोणीस लाल ठिपके. काकांनी त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजवायची वेळ आली नाही. मार्चमध्ये एका बुधवारी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि सांगितलं की तुमची पोझिशन काढून टाकलीय. वीस वर्षांनंतर, अर्धा तास! मी जेवून परत आले तर त्यांचं टेबल रिकामं. क्रेग म्हणाला की आपल्याकडे आता कागद ठेवायचे नाहीत, आणि ड्रॉवर श्रेडिंगच्या डब्यात उपडा करून मोकळा झाला. पाकिटासकट.

मी काय केलं? काही नाही. माझं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत चालू आहे, सहावं वर्ष. दगडाखाली हात सापडलेत माझे. काकांचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि एप्रिलमध्ये क्रेगची ईमेल आली: बाजूला काढलेली सगळी मशीन्स अपडेटच्या ओळीत घाल, आजच. मी घातली. फॉर्मवर 'जोखीम तपासली' या चौकोनात टिक केली, खाली माझं नाव. त्याच दिवशी दुपारी काकांचा मला फोन आला होता... त्यावर नंतर येते.

मे महिन्यात काका गेले. सकाळी अंगणात रोपांना पाणी घालत होते, तिथेच बसले, आणि संपलं. हार्ट. मंगलकाकू, म्हणजे त्यांची बायको, आत डबा... नाही, डबा कसला आता, नाश्ता करत होत्या. ऑफिसतर्फे क्रेगने फळांची टोपली पाठवली. त्यावर कार्ड, आणि कार्डावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं. ती टोपली उचलून न्यावी आणि ऑफिससमोरच्या तळ्यातल्या बदकांना घालावी असं वाटलं होतं.

आता तो दिवस. जुलैमधला मंगळवार. सकाळी साडेसहाला फोन, की चल ऑफिसात, क्लिनिक्स उघडत नाहीयेत. रात्री एक सिक्युरिटीचं अपडेट आपोआप गेलं होतं, आणि ते ज्या ज्या कॉम्प्युटरवर गेलं तो तो सुरू होईना. क्रेगच्या कृपेने ते शंभर टक्के मशीन्सवर गेलं होतं. एकोणीस क्लिनिक्स, सगळीकडे निळा पडदा, आणि त्यावर एकच मागणी, किल्ली द्या. उपाय माहीत होता, तोही सोपा: किल्ली टाकायची, आत शिरून खराब फाइल काढायची, पुन्हा सुरू करायचं. पण किल्ल्या सर्व्हरमध्ये, आणि दोन्ही सर्व्हर त्याच पडद्यावर, त्यांच्याच किल्लीची वाट बघत. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! बॅकअपवाले म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत बघू.

इकडे डायलिसिसचे पेशंट पहाटेपासून खुर्च्यांत येऊन बसलेले. मशीन्स चालतात, पण कोणाचं किती पाणी काढायचं, कोणाला कोणतं औषध, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये. नर्सेस कागदी फायली धुंडाळत होत्या. बरेच पेशंट परत पाठवायची वेळ आली होती, आणि या पेशंटांना आजचं उद्यावर ढकलणं परवडत नाही.

आणि अशा वेळी क्रेग काय करत होता? कॉन्फरन्स रूममध्ये बसून रिपोर्ट लिहीत होता. मी सर्व्हरच्या स्क्रीनसमोर, तो दारात येऊन म्हणतो, "वैशाली, हे अरुणचं सेटअप होतं ना? डॉक्युमेंट केलेलं नव्हतं ना? मी 'माजी कर्मचाऱ्याचं जुनं कॉन्फिगरेशन' असं टाकतोय, कारण म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "क्रेग," मी म्हटलं, "तो पाकिटातला कागद..."

"एक्झॅक्टली. पासवर्ड कागदावर ठेवणारा माणूस. हेही घालतो."

वड्याचं तेल वांग्यावर काढायची काही हद्द असते की नाही? आणि वांगं बिचारं दोन महिन्यांपूर्वी गेलेलं! तो रिपोर्ट वरच्या मेडिकल डायरेक्टरपर्यंत जाणार, एकोणीस क्लिनिकांत वाचला जाणार. ज्या नर्सेसना काकांनी वीस वर्षं फोनवर धीर दिला, त्या वाचणार की आपले पेशंट अरुणमुळे परत गेले. मेलेल्या माणसाला वकील नसतो. होते ती मी, आणि मी पुन्हा गप्प बसले. सहावं वर्ष, ग्रीन कार्ड...

साडेनऊच्या सुमाराला माझा सेल वाजला. क्रेगने सकाळीच सगळ्या क्लिनिकना माझा नंबर टेक्स्ट केला होता, त्यामुळे अनोळखी नंबर उचलत होते. पलीकडे लोरेटा. ॲशव्हिलच्याही पलीकडच्या एका डोंगरातल्या क्लिनिकची मुख्य नर्स, पन्नाशीची बाई, सगळ्यांना हनी म्हणणारी. तिच्याशी मी आधी दोन-तीनदा बोलले होते. काकांचं आणि तिचं काम मात्र कधी पडलं नव्हतं. ती आधीचा माणूस रिटायर झाल्यावर, मे महिन्याच्या शेवटी तिथे लागली होती.

"हनी, किती वेळ लावतेस तू," लोरेटा म्हणाली. "आकडे केव्हाचे लिहून ठेवलेत मी. तुझा फोन येईल म्हणाला तो, म्हणून थांबले. शेवटी मीच केला."

"कोणते आकडे? कोण म्हणाला?"

"तुमचा माणूस. वयस्कर. तुझ्यासारखंच बोलतो, जरा हळू. सात वाजता फोन आला त्याचा, इथे सामानाच्या खोलीत."

मी थांबवलं तिला. क्लिनिकचे सगळे फोन कॉम्प्युटरवर चालतात, ते सकाळपासून बंद होते. सामानाच्या खोलीत फॅक्सशेजारी भिंतीवर एक जुना वायरचा फोन आहे. प्रत्येक क्लिनिकमध्ये असा एक ठेवायचा म्हणून काका वर्षानुवर्षं भांडले होते. तेवढा एक चालू. लोरेटा त्याच फोनवरून बोलत होती.

"मी त्याला म्हटलं, आमचं सगळं गेलं, कोणीतरी हॅक केलंय," लोरेटा सांगत होती. "तर म्हणतो, आधी काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते नंतर."

मंडळी, खरं सांगते, ते वाक्य मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"मग मी वाचून दाखवलं," लोरेटा म्हणाली. "तर म्हणाला, तुमच्या मशीनचं नंतर होईल. आधी मी सांगतो ते लिहून घ्या, आमच्या मुलीला द्या. हाताशी कागद नव्हता, ग्लव्ह्जच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. आधी आठ अक्षरं आहेत. वाचू?"

किल्ली मागणाऱ्या पडद्यावर आठ अक्षरांची एक ओळख लिहिलेली असते, कोणती किल्ली हवी ते कळायला. प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी. आमच्या सर्व्हरची ओळख माझ्या समोरच्या स्क्रीनवर होती, बंद खोलीत, जी त्या सकाळी फक्त मी बघत होते. लोरेटाने एकेक अक्षर वाचलं. आठच्या आठ जुळली.

मग आकडे. सहाचा एक गट, असे आठ गट. या गटांची एक गंमत असते, प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जावा लागतो. कोणी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं करून आकडे सांगितले तर ते तिथेच पकडले जातात. मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर भाग देत बसले. पहिला गेला. दुसरा गेला. पाचवा दोनदा करून पाहिला. आठही गेले.

टाइप केलं, एंटर दाबलं. सर्व्हर उघडला!

मी रडले नाही. रडायला वेळ कुठे होता? आत शिरून फाइल काढली, किल्ल्यांची यादी उघडली, आणि दुपारी चारपर्यंत आम्ही चार जण एकेका क्लिनिकला फोनवर आकडे वाचून दाखवत होतो. शेवटचं क्लिनिक चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं. सकाळी थांबवलेले पेशंट दुपारच्या पाळीत घेतले. एकालाही दुसऱ्या दिवसावर ढकलावं लागलं नाही. घरी जाताना गाडीत एसी लावायचं विसरले, घामाने चिंब होऊन पोचले, आणि नवऱ्याने विचारलं तर त्याच्यावरच खेकसले.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, काकांनी जिवंतपणी आकडे कोणाला तरी देऊन ठेवले असतील. अगदी बरोबर. क्रेगही हेच म्हणाला. आणि इथे तर माझं डोकंच फिरलं.

बुधवारी सकाळी आठ वाजता त्याने मला रिपोर्टचा नवा ड्राफ्ट पाठवला. दहाला मीटिंग होती. आता त्यात काकांच्या नावावर दोन गुन्हे होते. एक, जुनं कॉन्फिगरेशन. दोन, 'माजी कर्मचाऱ्याने सर्व्हरची गोपनीय किल्ली अनधिकृतपणे क्लिनिकच्या स्टाफला दिली'. म्हणजे ज्या आकड्यांनी याची अब्रू वाचवली, तेच आकडे काकांच्या माथ्यावर! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर संन्याशानेच आणून दिलेला. वर खाली माझी सही पाहिजे, सिस्टिम माझी म्हणून.

मी सहीच्या जागेकडे बघत बसले होते. बाहेर बदकं ओरडत होती. आणि उगाच, खरंच उगाच, मी सर्व्हरवर त्या किल्लीची नोंद उघडली. काय वाटतंय ते बाजूला ठेवून नुसतं काय दिसतंय ते बघायला.

किल्ली बनल्याची तारीख दिसली.

कोणी नोकरी सोडली की त्याला माहीत असलेल्या सगळ्या किल्ल्या बदलायच्या, असा नियम आहे. काकांच्या वेळी मी टाळाटाळ केली. ते हयात असताना त्यांची किल्ली बदलायची म्हणजे घराचं कुलूप बदलल्यासारखं वाटायचं. शेवटी ते गेल्यावर बदलली. त्यांच्या अंत्यविधीनंतर नऊ दिवसांनी. कॉम्प्युटरने स्वतः आकडे बनवले, स्वतः साठवले. मी ते पाहिलेसुद्धा नव्हते. आणि नवा कागद छापून पाकिटात ठेवायचा काकांचा नियम मी पाळला नव्हता, कारण क्रेगला कागद नको होते.

म्हणजे ती किल्ली जन्माला आली तेव्हा काका या जगात नव्हते. ते कोणाला देऊन ठेवणार कसे?

अंगावर काटा आला का? आला. पण त्याच्या आधी संताप आला, आणि तो बरा होता, त्याने मला खुर्चीतून उठवलं. दहाच्या मीटिंगला मेडिकल डायरेक्टर बाई होत्या, क्रेग होता, आणखी दोघं होते. क्रेग वाचायला लागला तशी मी म्हटलं, "थांब. मी काय दिसतंय ते सांगते." एकेक गोष्ट स्क्रीनवर लावली. अरुणनी बाजूला काढलेल्या मशीन्सची यादी. ती ओळीत घालायची क्रेगची ईमेल. 'जोखीम तपासली' यावर माझी टिक, माझं नाव. ड्रॉवर श्रेडिंगला गेल्याचा दिवस. किल्लीची तारीख, आणि त्याखाली काकांच्या मृत्यूची. "ही चूक आम्ही दोघांनी केलीय," मी म्हटलं. "क्रेगने सांगितली आणि मी केली. अरुण असते तर काल सकाळी दर क्लिनिकमध्ये एक कॉम्प्युटर चालू असता आणि एक सर्व्हरही."

क्रेगचा चेहरा पडला. मग म्हणाला, "मग तो नंबर त्या नर्सला तूच दिला असशील."

"मला माहीत असता तर मी तीन तास त्या खोलीत काय भजी तळत होते?" हे मी मराठीत म्हणाले. कोणाला कळलं नाही, पण सूर कळला असावा.

डायरेक्टर बाईंनी लोरेटाला स्पीकरवर घेतलं. लोरेटाने तेच सांगितलं, अक्षरही न बदलता. सात वाजता फोन आला, वयस्कर माणूस, हळू बोलणारा. टेलिफोन कंपनीकडून त्या लाइनची यादी मागवली. ती दोन दिवसांनी आली. मंगळवारी त्या लाइनवर फक्त एक कॉल होता, साडेनऊचा, लोरेटाने मला केलेला. आत येणारा एकही नाही. लोरेटाला सांगितलं तर ती भडकली, "हनी, मी तीस वर्षं पेशंटांचं वजन लिहितेय. ऐकलं नाही ते मी लिहीत नाही."

रिपोर्टमधून काकांचं नाव निघालं. दोन्ही ठिकाणांहून. त्या जागी काय आलं माहितीये? 'किल्ली उपलब्ध झाली.' कशी, कुठून, कोणी दिली, काही नाही. उपलब्ध झाली म्हणे! क्रेगचं काही वाकडं झालं नाही, त्याला दुसऱ्या डिपार्टमेंटला हलवलं, तिथे तो आता दुसऱ्या कोणाची भिंत हिरवी करत असेल. मला वॉर्निंग लेटर मिळालं. ग्रीन कार्डचं पुढे काय होईल माहीत नाही. चित्राहुत्या मात्र परत सुरू झाल्या, तेही डायरेक्टर बाईंच्या लेखी ऑर्डरने.

त्या शनिवारी मी मंगलकाकूंकडे गेले. किल्लीचं वगैरे सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की ऑफिसात काकांवर एक आळ येत होता, तो टळला. काकूंनी पोहे केले होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, शेवटी शेवटी ते कामाबद्दल काही बोलायचे का हो?"

"छे गं, एकदा सुटले ते सुटले. एप्रिलमध्ये एकदा तुला फोन लावला होता त्यांनी, तेवढंच. म्हणाले, वैशालीला एक आठवण करायचीय, किल्ली बदलशील तेव्हा कागद काढून ठेव म्हणून. तू काही उचलला नाहीस."

"हो..."

"मी म्हटलं, परत लावा. तर म्हणाले, नको, ती कामात आहे, मेसेज आलाय तिचा. कशाला सारखा त्रास द्यायचा पोरीला. मी ठेवीन निरोप कोणाजवळ तरी." काकूंनी माझ्या बशीत अजून पोहे वाढले. "मग कोणाजवळ ठेवला का गं? आला तुझ्यापर्यंत?"

मी आला म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

तो एप्रिलचा फोन. मी कामात नव्हते. पार्किंगमध्ये गाडीत बसून चकल्या खात होते. मांडीवर फोन वाजत होता, त्यावर 'अरुणकाका' दिसत होतं, आणि तासाभरापूर्वीच मी त्यांच्या सगळ्या चित्राहुत्या ओळीत घातल्या होत्या. काय तोंडाने बोलणार होते? 'आत्ता बोलू शकत नाही' हा तयार मेसेज दाबला आणि पुढची चकली तोंडात टाकली. व्हॉइसमेल ते कधीच ठेवायचे नाहीत, मशीनशी काय बोलायचं म्हणायचे. त्यानंतर मीही केला नाही फोन, उद्या करू, परवा करू... तर तिसरी चीड ही. कोणावरची ते कळलं असेलच.

पुठ्ठा माझ्याकडे आहे. लोरेटाने पोस्टाने पाठवला, निळ्या ग्लव्ह्जच्या खोक्याचा तुकडा, तिच्या गोल अक्षरात वर ती आठ अक्षरं, खाली आकड्यांच्या आठ ओळी. ती किल्ली आता बदललीय, नवीचा कागद पाकिटात आहे. हे सगळं कसं झालं ते मला ठाऊक नाही. माझ्या बाबांनी विचारलं, "तू पाहिलंस का? स्वतः?" तर मी म्हटलं, मी पुठ्ठा पाहिला, तारीख पाहिली, सर्व्हर उघडताना पाहिला. आवाज मी ऐकला नाही. बाबांनी तारीख मात्र पुन्हा विचारून घेतली.

आणि माझा राग तोच आहे. काका, ज्या बाईने तुम्हाला उभ्या जन्मात पाहिलं नाही तिला डोंगरात फोन करता, अठ्ठेचाळीस आकडे शांतपणे सांगता... मी दीडशे-दोनशे फोन घेतले त्या दिवशी, माझा सेल माझ्या हातातच होता. तुमचा नंबर मी अजून काढलेला नाही. एकदा उचलला नाही म्हणून माणसाने परत करायचाच नाही का?